कुल्फीचा सुपूर्दनामा

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा मेळ कधी बसला नाही. अक्षर तर असं की किराण्याची यादी मीच लिहिते आणि दुकानात मलाच वाचून दाखवावी लागते. चुकलंमाकलं पोटात घ्यावं. पण नाझर साहेबांविषयी कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं ते त्यांच्या घरात पाच मिनिटांच्या वर बसत नाहीत. कपड्यांना केस चिकटतात.

रोज सकाळी साडेसहाला लातूरच्या आमच्या गल्लीत पुकारा होतो.

"आरोपी कुल्फी हाजिर होऽऽ!"

तीनदा होतो. तिसऱ्या पुकाऱ्याला अंगणाच्या कोपऱ्यातून एक पांढरी-करडी, निळ्या डोळ्यांची, वासराएवढी कुत्री जांभई देत उठते आणि चटईवर येऊन आडवी पडते. नवा दूधवाला पहिल्या दिवशी किटली टाकून पळाला होता. त्याला वाटलं, पोलीस आले.

मी साहेबांकडे पंधरा वर्षं झाडू, भांडी आणि दोन वेळचा स्वयंपाक करते. साहेब कोर्टात नाझर होते. नाझर म्हणजे खटल्यातला माल सांभाळणारा. कुणाचे दागिने, कुणाची सायकल, कुणाची कुऱ्हाड, सगळं चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचं आणि हुकूम झाला की ज्याचं त्याला द्यायचं. साहेब रिटायर झाले. बाईसाहेब त्याच्या आधीच वारल्या होत्या. मग कोर्टच घरी आलं.

बोलणं सगळं तिकडचं. "पोळी करपली, सबब भात वाढा." "लाइट गेली, सबब कामकाज तहकूब." समोरच्या शिंदेबाईंनी एकदा विचारलं, "काका, जेवण झालं का?" तर म्हणाले, "नोंद घ्या, झालं." मी फार बोलत नाही, ते त्यांना सोयीचं पडतं. समोर वकील नसला की काम लवकर उरकतं.

कुल्फी त्यांची नाही. मुलीची आहे. मीनलताई पुण्याला नोकरी करते. तिनं हौसेनं हे बर्फातलं कुत्रं घेतलं. हस्की म्हणतात त्याला. बिल्डिंगमधल्या लोकांनी तक्रार केली की लिफ्टमध्ये केस, जिन्यात केस, आमच्या इडलीत केस. मग एके दिवशी ताई गाडीत घालून तिला इकडं घेऊन आली.

"पप्पा, तीनच महिने. मोठं घर मिळालं की नेते."

"तोंडी चालणार नाही," साहेब म्हणाले आणि कागद घेऊन बसले. त्याला सुपूर्दनामा म्हणतात. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात घेताना लिहून द्यायचा असतो. त्यात लिहिलं, 'एक नग कुत्री, नाव कुल्फी, रंग पांढरा-करडा, डोळे निळे, अंगभर दाट केस. मागणी होताच जशी दिली तशी परत करीन.' दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून माझीही घेतली. ताई हसत होती. साहेब हसत नव्हते.

तीन महिन्यांची तीन वर्षं झाली. ताईचा फोन रविवारी यायचा. स्वतः ती त्या तीन वर्षांत एकदा आली, तेही सकाळी येऊन संध्याकाळी गेली.

आता केसांचं सांगते, कारण त्या घरात दुसरा विषयच नाही. कुल्फीचे केस बारा महिने गळतात आणि वर्षातून दोनदा कोसळतात. उन्हाळा लागताना अंगातून कापसाचे पेळू निघावे तसे झुपके निघतात. वरणात, देवाच्या समईत, माझ्या बुचड्यात, सगळीकडं. साहेब रोज तासभर तिला विंचरतात. आधी साध्या फणीनं, मग तारेच्या ब्रशनं, मग एका लोखंडी दातांच्या फणीनं. त्या फणीला मी दाताळं म्हणते. विंचरताना चौकशी चालते.

"आरोपी, काल रात्री सोफ्यावर कोण झोपलं होतं?"

कुल्फी डोळे मिटते.

"आरोपी गुन्हा नाकबूल करतो. नोंद घ्या. पुरावा सोफ्यावर सापडला आहे."

निघालेले केस खाकी पाकिटात जातात. पाकिटावर तारीख आणि ठिकाण. 'मानेखालून.' 'डाव्या कुशीतून.' 'वरणातून, फिर्यादी स्वतः.' एकदा बुलबुलानं खिडकीतल्या पाकिटातून घरट्यासाठी केस पळवले, तर साहेबांनी त्याच पाकिटावर लिहिलं, 'अज्ञात इसमाने चोरून नेले.'

मी एकदाच धीर करून म्हटलं, "साहेब, हे फेकायचे ना?"

"दुसऱ्याचा माल आहे, सुमनबाई. फेकणारे आपण कोण?"

अंघोळ मात्र क्वचित. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून शिंदेबाई खूश होत्या की निदान कुत्र्यावर पाणी जात नाही. साहेबांचं कारण वेगळं होतं. आतली लोकर ओली राहिली की कातडीला फोड येतात, म्हणून महिना-दीड महिन्यानं एकदा, आधी विंचरून, मग धुऊन, मग मुळापर्यंत कोरडं करून. आणि रोजची ताकीद एकच, "हिचे केस कधीही भादरायचे नाहीत. वरचा थर छत्री, आतला थर गोधडी. दोन्ही उन्हापासून राखतात."

मी मान हलवायची. मनात म्हणायची, लातुरात वैशाखात गोधडी पांघरून गार वाटलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

गेल्या साली चैत्रात ताईचा फोन आला. फ्लॅट घेतला होता, खालच्या मजल्यावरचा, पुढं अंगण असलेला. "पप्पा, आखितीला, अक्षय तृतीयेला येते आणि कुल्फीला नेते."

साहेब म्हणाले, "मागणी रीतसर आहे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला नाही. साहेब चटईवर बसले, कुल्फी आपली आपण आली. तास झाला, दीड तास झाला, फणी चालूच. चौकशी नाही, गुन्हा नाही. पाकिटावर नुसती तारीख.

मग त्यांना नांदेडला भाच्याच्या साखरपुड्याला दोन दिवस जावं लागलं. जाताना म्हणाले, "माल तुमच्या ताब्यात. पाच दिवसांनी द्यायचा आहे."

त्या दोन दिवसांत ऊन असं पडलं की चपलेतूनही डांबराचा चटका लागेल. लाइट गेलेली. कूलरमध्ये पाणी नाही. कुल्फी मोरीत जीभ टाकून पडलेली, पोट भात्यासारखं हलतंय. शिंदेबाई भिंतीवरून म्हणाल्या, "अगं, जीव जाईल तिचा. भादरून टाक." मला माझं माहेर आठवलं, रेणापूरच्या पलीकडचं. उन्हाळा लागला की धनगर मेंढ्या कातरायचे आणि मेंढ्या उड्या मारत जायच्या. रिंगरोडच्या पलीकडं बिरूभाऊ धनगराची मेंढरं बसली होती. मी डोक्यावर पदर घेऊन गेले आणि त्याला कातरीसकट घेऊन आले.

तो कुल्फीकडं बघतच राहिला. "ह्ये कोन्तं मेंढरू हाय, बाई?"

"कुत्रं हाय."

"चावतं का?"

"न्हाई. झोपतं."

रोज विंचरून घ्यायची सवय. ती आपणहून आडवी पडली. अर्ध्या तासात त्यानं काम उरकलं. पैसे घेतले नाहीत. "लोकर लई मऊ हाय," म्हणाला आणि सगळी पोत्यात भरून घेऊन गेला.

एवढ्या मोठ्या कुत्रीतून एवढी लहान कुत्री निघेल असं मला वाटलं नव्हतं. गुलाबी कातडी, फासळ्या, आणि मागं बिरूभाऊनं शोभेला ठेवलेली झुबकेदार शेपटी. मेंढीसारखी उडी मारेल म्हणून मी वाट बघितली. तिनं स्वतःच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पलंगाखाली जाऊन बसली. सकाळी पाच मिनिटं अंगणात आली तर पाठ लालबुंद झाली. छत्री आणि गोधडी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी खोबरेल चोपडलं आणि माझं जुनं सुती लुगडं तिच्या अंगाभोवती गुंडाळलं.

साहेब आले तेव्हा ती दारात लुगडं नेसून उभी होती.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुल्फी, साहेब."

त्यांनी पदर उचलला. पुन्हा खाली सोडला. पलंगावर बसले.

"कुणी केलं?"

"मी."

"भादरायचे नाहीत, असं मी सांगितलं होतं?"

"हाव."

"किती वेळा?"

"रोज."

"सबब..." ते म्हणाले. आणि पुढं काही आलंच नाही. पंधरा वर्षांत त्या शब्दाच्या पुढं काही न आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

जनावरांचे डॉक्टर येऊन मलम देऊन गेले. म्हणाले, कातडी आठवड्यात बरी होईल, केसांना वर्ष लागेल, कदाचित दीड. संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. मला एक हजार रुपये दंड, दरमहा शंभर पगारातून कापून. "कामावरून काढणं या कोर्टाच्या अधिकारात नाही. पोळ्या कोण करणार?" शिवाय रोज विंचरताना समोर बसायचं आणि कसं विंचरतात ते शिकायचं. मी शंभराची पहिली पावती घेतली आणि घरी जाऊन रडले. पैशासाठी नाही. मालाची खराबी माझ्या हातून झाली होती आणि तीन दिवसांनी माल द्यायचा होता.

आखितीला ताई गाडीच्या टपावर मोठा पिंजरा बांधून आली. कुल्फीला बघून आधी हसत सुटली, मग खाली बसून तिला कवटाळलं.

"असू दे मावशी, रडू नका. मी अशीच नेते. पुण्यात ऊन कमी असतं."

साहेब कपाटातून कागद घेऊन आले. चष्मा लावून वाचला. "अंगभर दाट केस. जशी दिली तशी परत करीन. ही तशी आहे?"

"नाही. पण मालकीण मी आहे ना? मी घेते म्हणते."

"तुम्ही घ्याल हो. खाली सही माझी आहे. उणा माल मी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेला नाही."

"पप्पा! ती कुत्री आहे, सोन्याची पाटली नाही."

"पाटली असती तर वजन करून दिली असती."

"मग देणार कधी?"

"केस आल्यावर. पुढची तारीख दिवाळी. पक्षकारानं जातीनं हजर राहून माल तपासावा. फोनवर तपासणी होणार नाही."

ताई अर्धा तास भांडली. मी आमरस वाढत होते. ताटात वाढायला वाकले तेव्हा टेबलाखाली दिसलं. कुल्फीची साखळी जमिनीवर पडली होती आणि साहेबांनी दोन्ही पाय तिच्यावर घट्ट रोवले होते.

पिंजरा रिकामा परत गेला.

दिवाळीला ताई आली. चार दिवस राहिली. साहेबांनी मानेजवळचे केस बाजूला करून दाखवले, "विरळ." तारीख पडली संक्रांतीची. संक्रांतीला आली तर कुशीत विरळ. मग पाडवा. दर तारखेला पुरण घालून माझा हात दुखायचा, पण साहेब आदल्या दिवशीच ताईच्या खोलीत कूलर पुसून ठेवायचे, थंडीतसुद्धा.

माझा दंड माघात फिटला. दहा पावत्या मी डब्यात घालून ठेवल्या.

या वैशाखात कुल्फी पुन्हा कोसळायला लागली. दिवसाला तीन-तीन पाकिटं. गळायला लागले म्हणजे सगळे आले होते. रविवारी आम्ही दोघं दोन बाजूंनी तिला विंचरत बसलो होतो, आणि फोन वाजला. साहेबांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"पप्पा, सुट्टी टाकते आहे. पिंजरा आणू का? केस आले का नाही?"

साहेबांच्या मांडीवर लोकरीचा ढीग होता. त्यांनी घसा खाकरला. "पोटाकडून आले आहेत. पाठीवर अजून..." आणि थांबले. त्यांना खोटं बोलता येत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचा हिशेब दिलेला माणूस. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "साक्षीदाराला विचार."

मी फोनवर बोलत नाही. नवऱ्याशीसुद्धा हं-हंच्या पुढं जात नाही. माझा हात कुल्फीच्या पाठीवर होता, मनगटापर्यंत केसांत बुडालेला. बोटं दिसत नव्हती.

"ताई," मी म्हटलं, "पाठीवर विरळ हाय. लई विरळ. अजून एक दिवाळी तरी जाईल."

मग ताई म्हणाली, "बरं मावशी. तुम्ही म्हणता तर तसं. पिंजरा आणत नाही. पण मी येतेच, तपासायला."

फोन बंद झाला. साहेबांनी दाताळं उचललं आणि कुल्फीची शेपटी विंचरायला घेतली. शेपटी तर कधी कातरलीच नव्हती.

सोमवारी मी कामावर गेले तर कणकेच्या डब्यावर खाकी पाकीट होतं. मला वाटलं केसांचंच. वर माझं नाव होतं, सुवाच्य अक्षरात. आत शंभराच्या नोटा.

"साहेब, हे कशाचे?"

"तुमचा दंड. परत."

"पण गुन्हा तर मी केलाच होता."

"अपील मंजूर झालं."

"मी कुठं अपील केलं?"

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न घेता म्हणाले, "काल केलंत. मोजून घ्या."

मी ओट्याला टेकून मोजल्या. दहा होत्या. पूर्ण हजार. पदराला गाठ मारली आणि कणीक मळायला घेतली.