भाऊजींचं मनगट

आमचे भाऊजी कुणी भेटलं की नमस्काराच्या आधी मनगट पुढे करायचे. समोरच्याला वाटायचं, नाडी बघायला सांगताहेत. गावात नव्याने आलेल्या एका डॉक्टरने तर बाजारात, भर रामआळीत, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून, घड्याळाकडे बघत खरंच त्यांची नाडी धरली होती.

"नाडी चालू आहे डॉक्टर," भाऊजी म्हणाले. "वास घ्या."

डॉक्टरने बिचाऱ्याने घेतला.

"कोण आठवलं?"

हा भाऊजींचा ठरलेला प्रश्न. वास कसा आहे, आवडला का, असलं काही विचारायचं नाही. एकदम कोण आठवलं? डॉक्टरला कॉलेजातला कुणी रूम पार्टनर आठवला. भाऊजींनी 'हा नव्हे' अशी मान हलवली, रुमालाने मनगट पुसलं आणि चालू लागले. डॉक्टर पिशवी उचलायचं विसरून बघत राहिला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे. उन्हातान्हात कातळावर मोजणी करत हिंडायचे आणि मग टेबलाशी बसून केसाएवढ्या रेघा मारायचे. रेघ जरा जाड झाली तरी सगळा कागद फाडणारा माणूस. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती त्या सुमारास ताई गेली. मूलबाळ नव्हतं. भाऊजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि घरात अत्तरं मिसळत बसले. शाईच्या ड्रॉपरने, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये. मोगरा, वाळा, चंदन, शिवाय राजिवडा मोहल्ल्यात कुणी कुवेतहून सुट्टीवर आलं की त्याच्याकडे जाऊन, "स्प्रे संपत आलाय का? तळाचा ठेवा हो माझ्यासाठी," असं सांगून आणलेले परदेशी तळ.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझी तक्रार कळायची नाही. मी एस.टी. स्टँडवर गळ्यात पेटी अडकवून कंगवे-आरसे विकलेला माणूस. आज रामआळीत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, अत्तरं, स्प्रे, सगळं. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. मुंबईचे होलसेलवाले माझ्याशी भाव करायला बसले की मध्येच पाणी मागतात. लोक मला तापट म्हणतात. आहे मी तापट. गोड बोलणारे पुष्कळ बघितले, त्यातले निम्मे अजून स्टँडवरच उभे आहेत.

साऱ्या रत्नागिरीत माझ्याकडून भाव न करता वस्तू नेणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताई. दुकानात यायची, काउंटरवरच्या नमुन्याच्या बाटल्यांत तळाला राहिलेलं गोळा करायची आणि म्हणायची, "सदू, हे मी नेते." मी म्हणायचो, "बरं, ने." एवढंच. त्या तळांतून ती स्वतःसाठी कसलंसं मिश्रण करायची आणि तेच लावायची. दुसऱ्या कुणाच्या अंगाला तसा वास मी कधी घेतला नाही. एकदा विचारलंही, त्यात काय काय घालतेस गो? तर म्हणाली, "तुला सांगितलं तर उद्या दुकानात मांडशील मेल्या." मांडलं असतं, खोटं कशाला बोलू.

तर भाऊजींचा हा नाद. त्यांच्या पहिल्या प्रयोगांना जे वास आले त्यांना तोड नाही. माझ्या बायकोला एकाच हुंगण्यात आमच्या लग्नातले भटजी आठवले. शेजारच्या गॅरेजवाल्याला मासळीचा ट्रक आठवला, तेव्हा भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "माणूस सांगा, वाहन नको." एका मिश्रणाला सगळ्यांनी एकमताने सरकारी इस्पितळ म्हटलं. भाऊजींनी तेही शांतपणे गटारात ओतलं. नापास झालेली बाटली ओतून द्यायची हा त्यांचा नियम होता.

मला दोन गोष्टींचा राग यायचा. एक म्हणजे हा रेघ मोजणारा माणूस अत्तर मात्र अंदाजाने मिसळायचा. "लिहून ठेवा की भाऊजी," मी म्हणायचो, "आज काय घातलं ते उद्या कसं कळणार?" तर म्हणायचे, "मोजून होत नाही ते, सदू." दुसरं म्हणजे ते स्वतः कधी बाटलीला नाक लावायचे नाहीत. झाकण उघडलं की तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे, पेपर तपासणाऱ्या मास्तरांपुढे पोरगं उभं राहतं तसे. आणि इतरांना एकदा विचारून सोडून द्यायचे, मला मात्र प्रत्येक बाटलीला छळायचे. दुकानात गिऱ्हाईक असो नसो, मनगट माझ्या नाकाखाली. "कोण आठवलं?" मी म्हणायचो, "कुणी नाही. सरका."

मग ते गणपतीच्या आधीचे दिवस आले. मुंबईहून चाकरमानी उतरलेले, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाली गावची एक बाई बांगड्यांवर अडून बसली होती. ती तिच्या भावाला सोडत नव्हती, मी माझ्या. तेवढ्यात गर्दीतून भाऊजींचं मनगट आलं.

मी वास घेतला आणि थांबलो.

पालीची बाई म्हणाली, "मग देताय का माझ्या भावानं?" आणि मी म्हणालो, "बरं, ने." तिला स्वतःला ते खरं वाटलं नाही. बांगड्या पदराखाली घालून तिने आधी इकडेतिकडे बघितलं, मग तिलाही तो वास आला. "अगो बाय, हे कुठलं अत्तर? मला दाखवा." तिच्या मागच्या दोघीही पुढे झाल्या. आणि माझं डोकं चालायला लागलं.

"भाऊजी, हे विकू!"

"कोण आठवलं?"

"गिऱ्हाईक आठवलं! अख्खी मुंबई आठवली! बाटल्या मी आणतो, लेबल मी छापतो, तुम्ही फक्त बनवा. नफ्यात निम्मे."

"सदू, नीट वास घे. सावकाश घे. कोण आठवलं?"

"सांगितलं ना, गिऱ्हाईक!"

भाऊजींनी रुमालाने मनगट पुसलं. मग दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि अख्खी बाटली गटारात ओतली. माझ्या डोळ्यांदेखत. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. मी काउंटरवरून उडी मारून बाहेर आलो आणि नको ते बोललो. माझं वर आलेलं तुम्हाला बघवत नाही, असंही म्हणालो. ते ऐकून घेऊन निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्या गटारापाशी माणसं थबकत होती, वाकून बघत होती. इतकं चालणारं माझं दुकान, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी गटाराला होती.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आपल्याच माणसाने हाताशी आलेला धंदा असा वाहत्या पाण्यात सोडावा, ही माझी तक्रार. ती मी पुढे भेटेल त्याला सांगत राहिलो, आणि सगळ्यांनी मलाच दुजोरा दिला.

मे महिन्यात भाऊजींच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा दुकानात फोन आला. आवाज दबलेला. "तुमचे भाऊजी बरे आहेत ना हो? काल दिसले नाहीत. आणि वरून... वास येतोय."

मी गल्ला उघडा टाकून धावलो. जिन्यातच तो वास अंगावर आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भाऊजी टेबलाशी बसून ड्रॉपरने थेंब सोडत होते, धडधाकट. त्यांच्या पायांपासून हातभरावर, कॉटखाली, एक बरका फणस फुटून वाहत होता आणि त्याच्यावर चिलटांचा ढग होता.

भीती गेली की मला राग येतो. "अहो, काल मेलेला माणूससुद्धा ह्या वासाने उठून बसेल! नाक आहे की नाही तुम्हाला?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "चष्मा अडकवण्यापुरतं आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला.

"लहानपणी माडावरून पडलो, तेव्हापासून वास नाही येत. घरात कुणाला सांगितलं नाही. पुढे लग्न जमवताना पत्रिका बघितली, पगार बघितला. नाक चालतं का असं कोण विचारतं?"

"आणि ताईला?"

"तिलाही नाही." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, मी ऑफिसातून आलो तर ती तोंड धुऊन, कानामागे काहीतरी लावून उभी होती. विचारलं, कसा आहे? मी म्हणालो, छान. नव्या बायकोला दुसरं काय सांगणार? एकदा म्हणालो, मग रोज म्हणावं लागलं. ती रोज त्यात थोडं इकडचं तिकडचं करायची, मला अजून आवडावा म्हणून. आणि मी म्हणायचो, आज जास्त छान."

मी फणस उचलायला वाकलो होतो, तसाच खाली बसलो.

"ती गेली तेव्हा बाटलीत थोडंसं उरलं होतं. तेराव्याच्या आवराआवरीत कुणीतरी ती विसळून पालथी घातली. साड्या धुऊन वाटून टाकल्या. सदू, ती इतकी वर्षं माझ्यासाठी रोज काय करत होती ते मला माहीतच नाही. तिच्या फळीवर कुठल्या कुठल्या बाटल्या असायच्या तेवढं बघून ठेवलंय. ती कुठे मोजून घालायची? म्हणून मीही मोजत नाही."

"पण झालं तरी तुम्हाला काय कळणार?"

"मला नाही. तुला कळलं असतं. तू आपणहून 'ताई' म्हणाला असतास की मला कळलं असतं."

माझा आवाज चढला. "मग सरळ सांगायचं होतं मला! एवढं सगळं गाव हुंगायला लावलंत!"

"सांगितलं असतं तर पहिल्याच बाटलीला तू 'ताई' म्हणाला असतास. मला बरं वाटावं म्हणून. ते म्हणणं किती सोपं असतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मी फुटलेला फणस कॉटखालून रद्दीच्या कागदावर ओढला. मग मी विचारलं, "गणपतीच्या गर्दीतली ती बाटली. तिच्यात काय घातलं होतंत?"

"कोण जाणे. तू गिऱ्हाईक म्हणालास. मी ओतली."

मी पालीच्या बाईबद्दल काही बोललो नाही. पण घरी येताना सगळा रस्ता मला माझाच आवाज ऐकू येत होता: बरं, ने. तोंडाने मी गिऱ्हाईक म्हणालो ते नंतर. त्याच्या आधी मी काय म्हणालो होतो, ते फक्त मला आणि त्या बाईला माहीत आहे, आणि तिला त्याचा अर्थ माहीत नाही.

चूक भाऊजींचीच. अजूनही मी हेच म्हणतो. इतक्या लोकांच्या नाकावर विश्वास टाकलात, मग माझ्या जिभेवर एकदा टाकून बघायचं होतं. आता काय उपयोग? आता मला माहीत झालंय. पुढे त्यांनी आणलेल्या बाटल्या मी हुंगल्या, पण एक तर सगळ्यांनाच ताईचा वास यायचा, नाही तर कशालाच नाही. भाऊजींनी माझं तोंड बघून ते ओळखलं. "पेपर फुटतो तसं तुझं नाक फुटलं सदू," म्हणाले आणि हळूहळू बाटल्या आणायच्या बंद केल्या. ड्रॉपर धुऊन परत शाईच्या दौतीशेजारी ठेवला.

हल्ली संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसतात. मनगट पुढे करत नाहीत, त्यामुळे नव्या माणसांना ते अगदी साधे गृहस्थ वाटतात. परवा गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "सदू, नुसतं सांग तरी. कसा होता?"

टक्कल पडलेल्या माणसाच्या हातात मी कंगवा देऊन पाठवलेला आहे. कुठल्याही बाटलीचं वर्णन करायला मला विचार करावा लागत नाही. पण मोगरा म्हणावं तर ह्यांना मोगरा म्हणजे फक्त पांढरं फूल. चंदन म्हणजे लाकूड.

"तुम्ही मोजणीला जायचात ना," मी म्हणालो. "दिवसभर कातळावर चालून तळपाय भाजायचे. मग घरी येऊन पडवीत पाय टाकला की सारवलेली जमीन लागायची, गार?"

"हो."

"तसा."

भाऊजींनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग म्हणाले, "आणि?"

"आणि मग आतून कुणीतरी 'आलात?' म्हणून विचारलं, तसा."

भाऊजींनी डोळे मिटले. ज्या मनगटावर काहीच लावलेलं नव्हतं ते सावकाश नाकापाशी नेलं आणि जरा वेळ तिथेच धरलं.

"छान," ते म्हणाले. "आज जास्त छान."