सासरेबुवांची सर्दी

सासरेबुवा भिंग घेऊन लॅपटॉपसमोर बसले, तेव्हाच खरं तर घरात कुणाला तरी धोका जाणवायला हवा होता. पण जावईबापू भलतेच खुशीत होते. हाताची घडी घालून ते मागे उभे होते आणि स्वतःशीच मंद हसत होते.

"शोधा, बाबा. सावकाश शोधा. भिंग झिजेल, पण खूण सापडायची नाही."

"उभी हयात तिकिटं तपासण्यात गेलीये माझी," सासरेबुवा भिंगावरचा डोळा न हलवता म्हणाले. "डब्यात पाऊल टाकलं की कोण फुकट्या आहे ते त्याच्या बसण्यावरून कळायचं मला. तिथे तुमच्या खुणेची काय कथा."

सासरेबुवा रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते आणि सध्या लेकीकडे मुक्कामाला होते. जावयाचं काम त्यांना पहिल्यापासून पटलं नव्हतं, कारण ते दिसत नव्हतं. जावईबापू टीव्हीच्या मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत होते. भाग प्रसारित होण्याआधी त्याच्या प्रती संगीतवाल्यांकडे, सबटायटलवालीकडे, संकलकाकडे अशा जात. जावईबापू प्रत्येक प्रतीच्या चित्रात एक वेगळी खूण पेरत. कुठे उजेड नखभर वाढव, कुठे नखभर कमी कर, असं सगळं बेतशीर. डोळ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही, पण त्यांनी लिहिलेला प्रोग्राम ती बरोब्बर वाचायचा आणि प्रत कुणाची होती ते सांगायचा. चित्र कापा, रंग बदला, पडद्यावरून फोनने चित्रीकरण करा, खूण आपली जागच्या जागी. तिला वॉटरमार्क म्हणतात, पण ऑफिसात सगळे खूणच म्हणत आणि जावईबापूंना खूणवाले. ते नाव त्यांना आवडायचं.

ही सगळी माहिती सासरेबुवांनी ऐकून घेतली होती आणि जेवताना शांतपणे म्हणाले होते, "दिसतच नाही ती खूण कसली? असे खिशात न दिसणारं तिकीट असलेले पुष्कळ भेटले मला. दंड भरून गेले."

बायको फसकन हसली. तिच्या हसण्याने जावईबापूंना घास लागला. जगाने खुणेवर शंका घेतली असती तर त्यांनी जगाला माफ केलं असतं, पण सासऱ्यांनी आपल्याला एकदा तरी 'पक्कं काम आहे तुमचं' म्हणावं, ही त्यांची लग्नापासूनची इच्छा होती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप घरी आणला. त्यात होता मालिकेचा शेवटचा भाग, त्यांची स्वतःची तपासणीची प्रत. प्रत ऑफिसबाहेर न्यायची नाही, हा नियम त्यांनीच लिहिला होता. पण तो इतरांसाठी होता.

मालिकेबद्दल थोडं सांगायला हवं. घर सोडून गेलेली धाकटी शेवटच्या प्रसंगात बापाच्या दाराशी येते. ती आत जाणार की नाही, यावरून महिनाभर लोकांत वाद चालले होते. सासरेबुवा अर्थातच त्यात नव्हते. "रडारड नुसती," असं म्हणून ते मालिकेच्या वेळी त्याच खोलीत तोंडासमोर पेपर धरून बसत. मालिका संपेपर्यंत त्या पेपरचं पान उलटत नसे, हे लेकीने पाहिलं होतं. पण ती बापाची लेक होती, बोलली नव्हती.

"आम्ही जरा भाजी घेऊन येतो," जावईबापू म्हणाले. "तुम्ही अख्खा भाग बघा. खूण सापडली तर उद्यापासून मी नोकरी सोडतो."

"नोकरी सोडू नका," सासरेबुवा म्हणाले. "लेक आहे माझी."

दोघं परतली तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता, भिंग डब्यात गेलं होतं आणि सासरेबुवा खिडकीबाहेर बघत उभे होते. डोळे लालबुंद.

"सापडली?"

"नाही. डोळे शिणले," सासरेबुवांनी सूं करून नाक ओढलं. "आणि सर्दी झालीये."

जावईबापूंनी विजयाने पिशवीतली भाजी ओट्यावर ओतली.

सकाळी ऑफिसातून मालकांचा फोन आला. मालकांचा आवाज चिरकला होता. शेवटच्या भागाचा शेवटचा प्रसंग फुटला होता. रात्री तो टीव्हीवर दिसायचा होता, तर सकाळीच ज्याच्या-त्याच्या फोनवर फिरत होता. दूधवाल्याने मालकांनाच तो दाखवून विचारलं होतं, "बघितलंत का?"

दुसऱ्या कुणाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. जावईबापूंनी मात्र फोन ठेवून चक्क शीळ घातली. एका मोठ्या चित्रपट कंपनीच्या सुरक्षाप्रमुख बाई त्याच दिवशी खूण बघायला येणार होत्या. त्यांना ती पटली, तर त्यांच्या सगळ्या चित्रपटांवर जावईबापूंची खूण लागणार होती आणि जावईबापूंना स्वतःचा विभाग मिळणार होता. आणि नेमकी आजच खरीखुरी चोरी. मागवूनही मिळाली नसती. त्यांनी ठेवणीतला शर्ट काढला.

"इतकं खूश व्हायला काय झालं? चोरी झालीये ना?" बायकोने विचारलं.

"चोरी झाली म्हणूनच तर. आता बघ चोर कसा नावानिशी पडद्यावर येतो."

शेजारच्या खोलीत सासरेबुवांच्या हातून चहाची बशी पडली.

ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. पाहुण्या बाई वही उघडून बसल्या. संगीतवाले, सबटायटलवाली आणि संकलक अशा रांगेत बसले होते, की जणू डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायला आलेत. जावईबापू त्यांच्याकडे आळीपाळीने रोखून बघत होते. मनातल्या मनात त्यांनी संगीतवाल्यांना दोषी ठरवूनही टाकलं होतं.

"निरपराध माणूस पकडला जाण्याची शक्यता किती?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"नाहीच म्हणा. खूण कुणावर अन्याय करत नाही. ती जे नाव सांगेल तोच चोर."

बाईंनी ते लिहून घेतलं. जावईबापूंनी फुटलेली चित्रफीत लावली. कुणीतरी पडद्यावरून फोनने उतरवलेली, तिरकी आणि अंधूक होती, आणि वर कुणीतरी फुलांची चौकट चिकटवली होती. धाकटी दाराशी उभी होती. आतून बापाचा आवाज आला, "चहा तरी घेऊन जा." धाकटी वळली आणि जिना उतरून निघून गेली. आणि तेवढ्यात चित्रफितीत अगदी जवळून आवाज आला. सूं.

सगळे हसले. "चोर हळवा दिसतोय," पाहुण्या बाई म्हणाल्या.

जावईबापूही हसले. मग हसता हसता थांबले. ती सूं त्यांच्या ओळखीची होती. पण बटण दाबून झालं होतं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रोग्रामने निकाल लावला. तिथे जावईबापूंचं नाव होतं, आडनावासकट.

पाहुण्या बाईंनी ते नावही वहीत लिहून घेतलं.

सगळ्यात आधी संगीतवाले बोलले, आणि तेही मायेने. "अहो, मशीन आहे ते. चुकायचंच कधीतरी."

"आम्ही काय ओळखत नाही का तुम्हाला?" सबटायटलवाली म्हणाली.

मालकांनी खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. प्रोग्राममध्ये किडा असेल. थोडं काम बाकी आहे म्हणू. बाई पुन्हा येतील, काय बाई?"

सुटायला एवढी रुंद वाट कुणी कुणाला देत नाही. जावईबापूंनी फक्त मान हलवायची होती. पण त्यांच्या कानात फक्त 'किडा' हा शब्द शिरला.

"सिस्टिम चुकत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे चोरी तुम्ही केलीत?" मालक म्हणाले.

"शक्य नाही."

"मग सिस्टिम चुकली."

"शक्य नाही."

"दोन्हीतलं एक काहीतरी शक्य करा हो," मालक काकुळतीला आले.

जावईबापूंनी तपासणी पुन्हा केली. चित्र अर्धं कापून बघितलं. पडद्यावर त्यांचंच नाव. रंग काढून टाकले, तरी त्यांचंच नाव. शेवटी चित्र इतकं धुरकट केलं की धाकटी आणि दार यांत फरक उरला नाही, तरीही नाव ठणठणीत. "बघा, बघा," ते बाईंना म्हणाले, "इतकं खराब करूनही मीच!" त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि छाती अभिमानाने फुगली होती. आपण आपल्याच हाताने आपली नोकरी घालवतोय, हे त्यांना कळत होतं. पण खूण खोटी पडली असती तर नोकरी राहून तरी काय करायची होती?

"चोर मीच आहे," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे प्रत माझी आहे. मी ती घरी नेली होती. पुढचं शोधतो." त्यांनी घरी फोन लावला. "बाबांना दे."

"बाबा तुझ्याकडेच निघालेत," बायको म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घालून. काय झालंय रे? सकाळपासून फोन हातात घेऊन येरझारा घालत होते."

थोड्याच वेळात दार उघडलं. सासरेबुवा आत आले, दारातच थांबले आणि त्यांनी खोलीवरून एक नजर फिरवली. संगीतवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"जावईबापूंचा काही संबंध नाही," सासरेबुवा ताठ उभे राहून म्हणाले. "चोर मी. काय दंड असेल तो सांगा."

"पण बाबा, तुम्ही?" जावईबापू उठून उभे राहिले. "तुम्ही तर खूण शोधत होता."

"शोधत होतो. शोधता शोधता शेवट आला. रोज माझ्याबरोबर फिरायला येणारी मंडळी आहेत. ते सगळे म्हणत होते, पोरगी आत जाणार. मी पहिल्यापासून सांगत होतो की जाणार नाही. ऐकेनात. मला हसले. म्हणून तेवढं उतरवून त्यांना पाठवलं." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "पुढे पाठवू नका, असं बजावून लिहिलं होतं."

"म्हणजे तुम्ही पहिल्यापासून मालिका बघता?" मालकांनी विचारलं.

सासरेबुवांना हा प्रश्न चोरीच्या आरोपाहून जड गेला. "बघत नाही. कानावर पडते."

पाहुण्या बाईंनी चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. चहा तरी घेऊन जा. सूं. "हा आवाज?"

"सर्दी."

"नेमकी याच वाक्याला?"

"सर्दीला काय वेळकाळ असतो, बाई."

"बाबा, आज तर तुम्हाला सर्दी नाहीये," जावईबापू म्हणाले.

"गेली," सासरेबुवा म्हणाले, आणि विषय संपवल्यासारखे खुर्चीत बसले.

बाईंनी वही मिटली. जावईबापूंनी खाली मान घातली. इतक्या वर्षांचं काम आता वहीबरोबर मिटलं, असं त्यांना वाटलं.

"मला खूप जणांनी असल्या सिस्टिम दाखवल्यात," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या सिस्टिम दुसऱ्यालाच पकडतात. बनवणाऱ्यालाच पकडलं, आणि सुटायची संधी मिळूनही तोच 'मी आहे, मीच आहे' म्हणून पुन्हा पुन्हा सिद्ध करतोय, हे पहिल्यांदा बघतेय. आम्ही घेतो ही. फक्त यांचा लॅपटॉप इथे साखळीने बांधा. आणि ही चित्रफीत मला हवी, आहे तशी. आमच्या लोकांना खूण समजावताना हीच दाखवणार मी."

मालक तोवर आपल्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. लोक म्हणे शेवटाबद्दल बोलतच नव्हते. शेवटी सूं करून रडणारं हे कोण आहे एवढंच सगळे विचारत होते, आणि एवढं रडू येत असेल तर रात्री अख्खा भाग बघायलाच हवा, असंही लिहीत होते. मालकांनी सासरेबुवांसाठी चहा मागवला. दंडाचं कुणी नाव काढलं नाही.

परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसले होते. वाहक आला, तेव्हा दोन्ही तिकिटं सासरेबुवांनीच काढली आणि मुठीत घट्ट धरून ठेवली.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "त्या बाई ती फीत कुठे कुठे दाखवणार म्हणे."

"हो. सगळीकडे."

"त्यातली माझी ती सर्दी... काढता येते का हो?"

येत होती. संकलकाने चहाचा कप खाली न ठेवता ती सूं पुसून दिली असती. जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. हा माणूस त्यांच्यासाठी ऑफिसभर लोकांसमोर चोर म्हणून उभा राहिला होता. त्यांना त्याची फार माया आली. पण जेवणाच्या टेबलावरचं ते न दिसणारं तिकीटही त्यांना आठवलं.

"नाही, बाबा," ते गंभीरपणे म्हणाले. "फार खोल गेलीये ती. कापा, रंग बदला, काहीही करा, जायची नाही."

सासरेबुवांनी मान हलवली. मग वळून जावयाकडे त्यांनी आदराने पाहिलं, अगदी खरोखरच्या आदराने.

"म्हणजे पक्कं काम आहे तुमचं," ते म्हणाले.

जावईबापू खिडकीबाहेर बघू लागले. आपल्या कामाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि सासरेबुवांचा त्यांच्यावर विश्वासही पहिल्यांदाच बसला होता.