वानखेडेकाकांचा चपराशी

आमच्या शेजारचे वानखेडेकाका घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. तुम्ही लावायला गेलात तर ओरडतात, "काहून हात लावून राहिले भाऊ? सिस्टम आहे नं!"

रायपुरात तेलीबांध्याच्या कॉलनीत त्यांची नि आमची भिंत एक. काका नवा रायपुरच्या मंत्रालयातून बाबू म्हणून रिटायर झाले आणि लगेच साबणाच्या डब्यात एक चिप बसवून तो डबा भिंतीवर ठोकला. समजावतात मात्र ऑफिसच्याच भाषेत. "हे चिप म्हणजे सायब. पाच व्होल्टचा नाजूक जीव, नुसती मान हलवते. हा ट्रान्झिस्टर म्हणजे मी, बाबू. मी रिलेले हाक मारतो. रिले म्हणजे चपराशी. दोनशे तीस व्होल्टचं दार तो उघडते. सायबाले शॉक नाही, बाबूले शॉक नाही!"

चपराशी दार उघडतो तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. तो भिंतीतून थेट माझ्या संध्याकाळच्या डुलकीत येतो.

पहिली सिस्टम टाळीवर चालायची. गणपतीत आरती सुरू झाली, मंडळींनी टाळ्या धरल्या आणि दिवे, पंखा, कूलर, मिक्सर यांनीही ताल धरला. मिक्सरचं झाकण उघडं होतं. पंचखाद्याचा नैवेद्य बाप्पाला परस्परच पोचला. मधुमेहाने काकूंची नजर पार गेली आहे. त्या खुर्चीत बसून हसत विचारत होत्या, "काय उडालं वो?"

"काही नाही," काका म्हणाले, "बाबूची चूक."

तेव्हापासून टाळी बंद. आता अंधारलं की सिस्टम आपोआप ट्यूबलाइट लावते.

यंदाच्या उन्हाळ्यात काकांनी ट्यूबच्या रिलेवर कूलरचाही भार टाकला. आतले पॉइंट चिकटले, भर दुपारी ट्यूब बंद होईना. "चपराशी दार उघडून झोपला!" काका हळहळले. मी संधी साधली आणि बाजारातून अजिबात आवाज न करणारा मुका रिले आणून दिला. काका खूश. "हव, हा तर अफसरच्या बंगल्यावरचा चपराशी दिसते!"

संध्याकाळी मी तिथेच चहाला होतो. अंधारलं, ट्यूब लागली, जराही आवाज नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काकू मात्र हात मांडीवर ठेवून तशाच बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अवो, आज दिवे नाही लागले का? माझा नमस्कार राहिला नं."

ट्यूब त्यांच्या डोक्यावरच लागलेली होती. काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

काका उठले, भिंतीवरच्या डब्यापाशी तोंड नेलं आणि जिभेने आवाज काढला, "टक्."

"लागले," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. म्हटलं, "भैया, सगळ्यात जोरात वाजतो तो रिले द्या."