हास्यमुक्त बाळंतपण

हसणे प्रकृतीला चांगले असते, हा सिद्धांत ज्यांच्या पोटावर टाके नव्हते अशा लोकांनी मांडलेला आहे.

सिद्धांतातली ही गफलत बिस्किटांच्या कारखान्यातल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या लक्षात आली ती प्रसूतिगृहात. त्याच्या बायकोच्या पोटात बाळ आडवे झाले होते आणि डॉक्टरीणबाईंनी सिझेरियनची तारीख दिली होती. ("आपल्याच घरातलं आहे," अधिकाऱ्याचे वडील म्हणाले, "आडवं पडल्याशिवाय निर्णय घेत नाही.") नर्सबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सगळे समजावले. आदल्या रात्रीपासून पोट रिकामे ठेवायचे. नंतर लवकरात लवकर उठून चालायचे. उठताना आधी कुशीवर वळायचे आणि बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही.

"आणि खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाशी घट्ट धरायची," त्या म्हणाल्या.

"नाही धरली तर?" अधिकाऱ्याने विचारले.

"तर दुखेल."

"टाके तुटतील?"

"तुटत नाहीत हो. पण ब्रह्मांड आठवतं."

दुसरा कोणी असता तर सरळ बाजारात जाऊन उशी घेऊन आला असता. पण हा गृहस्थ आपल्या विषयात मुरलेला होता. हेल्मेट हा शेवटचा उपाय, आधी धोका मुळातून काढा, हे त्याच्या शास्त्राचे पहिले वचन. यंत्राच्या पट्ट्यात बोट जाते म्हणून कोणी बोटाला टोपण घालत नाही; पट्ट्याला जाळी बसवतात. आता उशी म्हणजे हेल्मेट आणि हसू म्हणजे धोका. तेव्हा हसूच काढून टाकायचे. (शिवाय ऑपरेशनच्या नुसत्या विचाराने त्याच्या तळहातांना घाम सुटत होता. ज्याच्या हातात काहीच नसते, त्याला नियम केले की फार बरे वाटते.)

एका रविवारी त्याने घराची पाहणी केली. दिवसभरात एकूण अठ्ठेचाळीस हास्ये झाली. पैकी एकतीस वडिलांमुळे. नऊ, त्यानंतर आईने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेमुळे. सात, मागचे आठवल्यामुळे. उरलेले एक, ही आकडेवारी त्याने जेवताना जाहीर केली तेव्हाचे.

धोक्याचे उगमस्थान स्पष्ट होते. वडील निवृत्त शिंपी होते, आणि सुनेला टाके पडणार हे कळल्यापासून तर त्यांना ऊतच आला होता. "डॉक्टरीण टीप मारणार की धावदोरा घालणार? आत माया सोडायला सांगा, पुढच्या खेपेला उसवायला बरं पडतं." यावर सून इतकी हसली, की पोटातले बाळसुद्धा हलले. (सरळ मात्र झाले नाही.)

उपाययोजना पुढीलप्रमाणे झाली. वडिलांनी कोणतेही वाक्य बोलण्यापूर्वी ते आईकडून तपासून घ्यावे. हवा, दुधाची वेळ आणि लंगोट वाळले की नाही, एवढ्याच विषयांना तपासणीतून सूट. तरीही कोणाला हसू आलेच, तर त्या व्यक्तीने न धावता, लिफ्ट न वापरता, जिन्याने खाली जावे, आवारात भिंतीकडे तोंड करून हसून घ्यावे आणि चेहरा पूर्ववत झाल्यावरच वर यावे. याचा दोनदा सराव झाला. दोन्ही वेळा सर्वांत आधी खाली पोचली ती तपासनीस आई.

"आणि उशी?" बायकोने विचारले. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची.

"धोकाच नाही, तर उशी कशाला? उशी ठेवणं म्हणजे यंत्रणेवर अविश्वास."

ती "बरं" म्हणाली. पहिल्याच दिवशी चौथा गिअर टाकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती असेच "बरं" म्हणत असे.

ऑपरेशन सुरळीत पार पडले. बाहेर येताच बाळ रडले. अधिकाऱ्याला ते धोरणाशी सुसंगत वाटले. बाळबाळंतीण घरी आली, आणि घराने इतिहासात प्रथमच तोंड मिटले. वडील स्वयंपाकघरात आईच्या कानाशी लागत. आई ओट्याला धरून थरथरे, मग डोळे पुसून म्हणे, "नको." वडील बाहेर येऊन सांगत, "लंगोट वाळले." बाळंतीण हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून हे सगळे निमूट पाहत असे. अपघात शून्य. अधिकाऱ्याला कारखान्यातही असा आठवडा कधी लाभला नव्हता.

इमारतीला मात्र वेगळेच दिसत होते. त्या घरातले एकेक माणूस तोंडावर रुमाल धरून खाली येते, भिंतीकडे तोंड करते, खांदे गदगदतात, डोळे पुसते, परत वर जाते. त्यात शिंपीबुवांचा आवाज बंद. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक वर आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"कधी झालं?"

"मंगळवारी," अधिकारी म्हणाला. "तारीख आधीच ठरली होती."

"ती ठरलेलीच असते. फार त्रास झाला का?"

"भूल दिली होती. कळलंसुद्धा नाही."

"पुण्यवान माणूस. जिन्यात भेटले की रोज एक विनोद ऐकवायचे मला. काही खास नसायचे हो. पण आता जिना खायला उठतो."

तेवढ्यात खांद्यावर ओले लंगोट टाकून वडील मोरीतून बाहेर आले. मुख्याध्यापक ताडकन उभे राहिले. खुर्ची आडवी झाली. वडिलांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. ओठांवर काहीतरी आले. त्यांनी आईकडे पाहिले. आईने नकारार्थी मान हलवली. वडिलांनी सूट असलेल्या विषयांपैकी एक निवडला.

"हवा बरी आहे."

"तिकडची?" मुख्याध्यापकांनी विचारले.

आतल्या खोलीतून एक आवाज आला. अधिकाऱ्याने तो ओळखला आणि स्वतःचाच नियम मोडून तो धावत सुटला. त्याच्या डोळ्यांसमोर एकेक टाका उसवत होता. घरात नियम होते, सराव झालेले होते, फक्त उशी नव्हती.

बायको कुशीवर वळून, डोळ्यांतून धारा वाहत, उशी पोटाशी आवळून हसत होती.

"ही कुठून आली?"

"निघताना नर्सबाईंकडून मागून घेतली." तिने श्वास सावरला. "अरे, शिकाऊ माणूस गाडी चालवत असला, की दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो."

"दुखतंय?"

"खूप. बाबांना आत पाठव."

"अगं, दुखतंय ना?"

"दुखतंय म्हणूनच म्हणतेय. आईंनी नापास केलेले सगळे विनोद घेऊन या म्हणावं."

वडील तासभर बोलले. मुख्याध्यापकांनीही खुर्ची सरळ करून आत ओढली. टाके हलले नाहीत. अधिकारी पलंगाच्या कडेला बसून उशीचे दुसरे टोक धरून होता. त्याच्या तळहातांचा घाम कधी वाळला, ते त्याला कळले नाही.

तथापि चौकशी ही झालीच पाहिजे. अपघाताचे मूळ बाहेरच्या माणसात होते, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून भेटीला येणाऱ्यांची दारातच चाचणी होते. चाचणीचा मजकूर म्हणजे तुम्ही आता वाचलात तोच.

वाचताना ज्यांना हसू आले त्यांनी न धावता, जिन्याने खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, आणि पोट कापलेल्या बाईच्या दुखण्यात आपल्याला एवढे गमतीचे काय वाटले याचा विचार करावा.

ज्यांना अजिबात हसू आले नाही त्यांनी खुशाल आत यावे. तुमच्यापासून टाक्यांना कसलाही धोका नाही. बाळंतीण मात्र झोपलेली असेल. तुम्ही जाईपर्यंत.