जलकोटाच्या पहिल्या पेल्याची हकीकत

श्री. वरुण राजी असो, तुरटी कोठारात असो, विजेने ऐन वेळी दगा न देवो, इतके मागून लिहिणार लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ शुद्ध पक्ष. ते साली एक राज्य होते, आजही आहे, नाव घेण्याचे कारण नाही. राज्याचे उत्तरेस टेकडी आणि टेकडीवर जलकोट, ज्यास प्रजा फिल्टर हाऊस म्हणे. नदीचे पाणी पंपांनी चढून कोटात येई, तेथे तुरटी कालवली म्हणजे त्यातला गाळ गोळा होऊन तळी बसे, मग वरचे निवळ पाणी हौदांतल्या वाळूचे थरांतून झिरपोन उतरे, मग त्यावर क्लोरीनचा हात फिरे, आणि मग मोठा वॉल उघडला म्हणजे तेच पाणी उतारावर धावत घरोघर नळास जाई. इतका कारभार दररोज चाले आणि प्रजेस त्याची खबरही नसे. नळास पाणी आले तर देवाची कृपा, न आले तर कोटावरल्या माणसाचा आईबापांसकट उद्धार! लिहिणाराने कित्येक राज्यांचे दप्तर पाहिले, तोफा ओढणारांची वर्णने पानोपानी, पाणी गाळणाराची ओळ नाही. तेव्हा ही बखर लिहिणे भाग पडले, आणि कोणास ती फुगवलेली वाटल्यास त्याने एक दिवस नदीचे पाणी तसेच प्यावे आणि मग बोलावे.

कोटाचे किल्लेदार राजश्री रंगनाथराव ताकवले. कचेरीत त्यांस ऑपरेटर म्हणत. गृहस्थ उंच, मिशा जाड, आवाज पंपावरून ऐकू जाईल ऐसा, आणि स्वभाव म्हणाल तर संवत्सराचे नावासारखा. नम्रता त्यांचे वाट्यास आलीच नव्हती. सारे राज्य नळाचे पाणी म्हणे, हे मात्र 'माझं पाणी' म्हणत. कोणाचे घरी गेले आणि पेला पुढे आला म्हणजे आधी उजेडात धरोन पाहात, मग घोट घेत, आणि मग यजमानासच सांगत, "काय पाणी आहे बघा! कुणाचं आहे?" यजमान हसत, आणि ताकवले खरोखरीच प्रसन्न होत. त्यांचे हाताखाली दस्तगीर मुलाणी म्हणोन वॉलमन, वयाने बरोबरीचे, बोलणे थोडे आणि खोचक. दोघांची रोज वादावादी होई आणि डबा रोज एकत्र उघडे.

कोटाचा पूर्वापार रिवाज ऐसा की, मोठा वॉल उघडण्याचे आधी पाळीवर जो असेल त्याने तयार पाण्याचा पहिला पेला भरावा आणि खासा प्यावा, मग अंमळ थांबावे आणि मग राज्यास पाणी सोडावे. परीक्षानळीत औषध टाकून क्लोरीनचा पिवळा रंग पाहात, गढूळपणा यंत्रावर मोजीत, ते सर्व होतेच. परंतु पेला चुकत नसे. हा नियम कागदावर कोठे लिहिलेला नाही. राजवाड्यातून साहेब आले तरी त्यांसही दुसरा पेला मिळे, पहिला नाही.

त्या साली ताकवल्यांची एकुलती एक कन्या वृषाली, तिचे लग्न ठरले, आणि चातुर्मास लागण्याआधीचा शेवटला मुहूर्त मिळाला. मांडव राज्यातच, सासरही राज्यातच, दोन गल्ल्या पलीकडे. त्याच आठवड्यात नदीस पूर आला आणि राज्याच्या टाक्या आटत आल्या, कारण मागले दोन दिवस वीज नव्हती. लग्नाचे सकाळी पाळी ताकवल्यांची. ठराव ऐसा जाहला की, किल्लेदारांनी पहाटेपासून पाणी बसवावे, म्हणजे गाळ तळी घालून ते निवळावे, न्याहारीचे सुमारास दुसरे पाळीचे पोपटराव वाघचौरे येऊन कोट ताब्यात घेतील, आणि मग ताकवल्यांनी फेटा बांधून कन्यादानास जावे. फेटा सकाळपासून पंपघराचे खुंटीवर टांगलेला, जरीचा, गुलाबी. परंतु ओढ्यावरील पूल पाण्याखाली गेला आणि वाघचौरे पलीकडेच अडकले. दस्तगीर म्हणाले, "अण्णा, एकदा पाणी नीट बसलं की मी सांभाळतो. तुम्ही अक्षता टाकून या." हे खरेच होते. बसलेले पाणी दस्तगीर तासभर सांभाळू शकत. बिघडलेले पाणी सांभाळणे एकट्याचे काम नव्हे.

येथे किल्लेदारांकडून चूक जाहली, आणि ती चूक पाणी गाळणाराचीच, दुसऱ्या कोणास ती करताही यावयाची नाही. कोटाची शिस्त ऐसी की, पुराचे पाणी आले म्हणजे आधी ते काचेच्या पेल्यांत ओळीने घ्यावे, प्रत्येकात तुरटी कमीजास्त घालून ढवळावे, आणि कोणत्या पेल्यात गाळ बसतो ते पाहोन मगच मोठ्या टाकीत तुरटी सोडावी. दस्तगीरांनी पेले मांडूनही ठेविले. परंतु ताकवल्यांचे डोळे घड्याळावर. म्हणाले, "अरे, पेले कशाला? गेल्या सालचा पूर याच हातानं बसवला. पाण्याचा रंग बघूनच सांगतो मी." आणि हाताचे अंदाजाने तुरटी सोडविली, भरपूर. आता गेल्या सालचा पूर काळा आणि जड होता, यंदाचा लाल आणि हलका, कारण वरचे अंगास डोंगर नवा कापला होता आणि त्याची माती मैद्याएवढी बारीक. त्या पाण्यास तुरटीसोबत चुनाही लागत होता, तो घातला नाही. मग काय विचारता! गाळ गोळा होईना, तळी बसेना, पाण्याबरोबर तसाच तरंगत पुढे गेला आणि वाळूचे थरांत जाऊन ठाण मांडून बसला. थर गच्च जाहले. पाणी खाली उतरेना, आणि जे थोडे उतरले ते कोऱ्या चहाचे रंगाचे. दस्तगीरांनी ते पेल्यात घेऊन उजेडात धरिले आणि पेला ताकवल्यांपुढे केला. ताकवल्यांनी एकदा पेल्याकडे पाहिले, एकदा फेट्याकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

तोच मांडवातून फोन आला. किल्लेदारांच्या पत्नी मालनबाई बोलत्या जाहल्या, "अहो, निघालात का? आणि पाणी कधी सोडताय? कार्यालयाची टाकी कोरडी पडलीय. आचारी हात वर करून बसलाय, वऱ्हाडाला पाय धुवायला पाणी नाही!" ताकवले म्हणाले, "पाणी बिघडलंय. वेळ लागेल." तो फोन वरमाईने ओढून घेतला. वरमाई म्हणजे इंदुमतीबाई जगदाळे, बाई करारी, तोंडाने तिखट. म्हणाल्या, "अहो व्याही, सगळ्या गावाला पाणी पाजता आणि स्वतःच्या मुलीच्या मांडवात थेंब नाही? गढूळ तर गढूळ, सोडा की! हातपाय धुवायला होईल, कोण पितंय?" ताकवल्यांनी वॉलाकडे पाहिले. लिहिणारास ते पाहणे महत्त्वाचे वाटते, कारण हात वॉलाजवळच होता. वॉल सोडला असता तर मांडवात पाणी गेले असते, दस्तगीर मागे राहिले असते, आणि मुलीचा बाप वेळेवर पोचला असता. त्या पाण्यास गढूळ म्हणोन कोणी चार शिव्या दिल्या असत्या आणि पूर आहे म्हणोन विसरले असते. मग ताकवले म्हणाले, "विहीणबाई, हातपाय धुवायला म्हणून सोडलेलं पाणी कुणीतरी पितंच. पोरंबाळं पितात. हे पाणी मी पिणार नाही, म्हणून तुम्हालाही देणार नाही. चूक माझी आहे. घाई केली." वरमाईंस राग आवरेना. "मग लग्नाला तरी येताय का?" ऐसे विचारले, आणि ताकवल्यांचा तो पंपावरून ऐकू जाणारा आवाज इतका बारीक झाला की बाईंस दुसऱ्यांदा विचारावे लागले. "नाही येत," ऐसे म्हणाले.

मग फोनवर वृषाली आली. ही मुलगी कोटावरच वाढलेली, शाळा सुटली की वाळूचे हौदांचे कठड्यावर बसोन अभ्यास करी. तिने एकच विचारले, "अप्पा, पेल्यांत बघितलं नव्हतं ना?" ताकवले म्हणाले, "नाही गं." ती म्हणाली, "मग आता बघा. काकांना सांगते कन्यादान करायला. फोन चालू ठेवा फक्त." इतके बोलोन ती उठली आणि बोहल्याकडे गेली, आणि ताकवले डोळे पुसून बाह्या सारते जाहले.

मग कोटावर जी लढाई माजली तिचे वर्णन करावे तितके थोडे! आधी काचेचे पेले भरले, तुरटी आणि चुना ढवळून पाहिले, आणि एका पेल्यात गाळ कापसासारखा जमून खाली बसू लागला तेव्हा दस्तगीर ओरडले, "हा घ्या अण्णा, हा!" मग बिघडलेले पाणी सारे मोरीवाटे नदीस परत दिले, मोठ्या टाकीत नव्या पाण्यास त्या मापाने तुरटी-चुना सोडिला, आणि मग वाळू धुवावयास घेतली. खालून वारा आणि पाणी उलटे चढविले म्हणजे वाळू उकळल्यागत खदखदे आणि पोटातला लाल गाळ वर येऊन वाहून जाई. दोघे हौदांचे काठाकाठाने धावत होते, एक वॉल बंद करी, दुसरा उघडी, अंगावर चिखल, आणि फोन खिडकीत ठेविलेला. ऐन मध्यावर मंगलाष्टके सुरू जाहली. सनई, भटजी, बायकांचा गलका, सारे त्या खिडकीतून येत होते. ताकवले जागचे जागी उभे राहिले. 'सावधान' ऐकू आले तेव्हा दस्तगीरांनी इकडेतिकडे पाहिले, कोटावर तांदूळ कोठून असणार, मग पोत्याचे तळाशी उरलेला तुरटीचा चुरा मुठीत घेतला, अर्धा ताकवल्यांचे हाती दिला, आणि दोघांनी तो खिडकीतल्या फोनवर टाकिला. "पोरगी सुखी राहू दे," दस्तगीर म्हणाले. ताकवले रडत होते आणि शिव्याही देत होते, स्वतःसच. मग नाक शिंकरून म्हणाले, "तिसरा हौद धुवायचा राहिलाय," आणि पुन्हा भिडले.

मांडवात इकडे लग्न लागले, कन्यादान ताकवल्यांचे धाकटे बंधू मुरलीधर यांनी केले, आणि वऱ्हाडाने बाटलीतले पाणी पुरवून पुरवून घास गिळले. मग वरात निघावयाची, तो नवरी म्हणाली, "आधी कोटावर. अप्पांच्या पाया पडल्याशिवाय मी घर बदलणार नाही." इंदुमतीबाई म्हणाल्या, "मीही येते. मला बोलायचंच आहे त्यांच्याशी." काय बोलावयाचे ते त्यांचे चेहऱ्यावर सर्वांस वाचता येत होते. गाडी टेकडी चढली, पाठोपाठ वऱ्हाड आणि मालनबाईही. ऊन कलले होते. कोटाचे अंगणात किल्लेदार चिखलाने माखलेले उभे, जवळ दस्तगीर, परीक्षानळीत पिवळा रंग नुकताच पाहोन झालेला, आणि ताकवल्यांचे हाती पेला. पाणी इतके निर्मळ की पेला रिकामाच वाटावा.

इंदुमतीबाई गाडीतून उतरल्या. बोलावयास तोंड उघडले, परंतु दिवसभराची तहान आणि समोर ते पाणी. हात आपोआप पुढे आला. सारे वऱ्हाड पाहात होते. वरमाई मागते आहे, मुलीचा बाप आहे, त्यात सकाळपासून गुन्हेगार आहे, कोण नाही म्हणेल? ताकवल्यांनी पेला आपलेकडे ओढून घेतला. म्हणाले, "थांबा विहीणबाई. पहिला माझा. काही व्हायचं असलं तर मला होऊ दे, तुम्हाला नको." आणि एका दमात प्याले. मालनबाईंनी डोळे मिटोन घेतले. वरमाई तशाच हात पुढे करोन उभ्या. अंमळ थांबणे रिवाजात होते ते ताकवले थांबले, मग तोच पेला विसळून पुन्हा भरिला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "आता घ्या. माझं पाणी आहे."

इंदुमतीबाई प्याल्या. पेला खाली ठेवला नाही, आणखी मागितला. मग पदराने तोंड पुसून सुनेस म्हणाल्या, "रोज असंच करतात का हे?" वृषाली म्हणाली, "रोज." गाडीत जे बोलावयाचे ठरवून आल्या होत्या ते टेकडीवरच राहिले.

मग दस्तगीर म्हणाले, "अण्णा, आजचा वॉल पोरीला सोडू दे." नवरीने हिरव्या चुड्याचे हातांनी चाक धरिले, बाप मागे उभा राहोन जोर देता जाहला, चाक फिरले आणि पाणी उतारास लागले. वरात त्याच रस्त्याने खाली निघाली, आणि खाली पाहावे तो आधी वरच्या आळीचे नळ फुरफुरले, मग बाजारातले, मग सासरच्या गल्लीतले, बायका हंडे-कळशा घेऊन दारात आल्या, आणि "पाणी आलं गं!" हा पुकारा नवरीचे गाडीपुढे धावत गेला. तोफा वाजल्या नाहीत. ताकवले कोटाचे कठड्यावरून ऐकत उभे होते, अंगावर चिखल आणि डोईस तो जरीचा गुलाबी फेटा, दस्तगीरांनी बळेच बांधलेला. वाघचौरे पलीकडेच होते, म्हणोन कोट सोडता आला नाही.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी पुराची लढाई जलकोटाने मारिली. राज्यात एकही मनुष्य पाण्याने आजारी पडला नाही. मारिली ती इतकीच, आणि तिची नोंद दुसरीकडे कोठे नाही. तेव्हापासून ताकवले पेले मांडल्यावाचून तुरटीस हात लावीत नाहीत, आणि फुशारकी मात्र तिळभर कमी झाली नाही. मुलीच्या लग्नास बाप नव्हता ही गोष्ट सोयरेधायरे अद्याप काढतात. तेव्हा इंदुमतीबाई हातातले काम ठेवून त्या माणसाकडे ऐसे पाहतात की तो अर्ध्यावर थांबतो, आणि मग त्या सांगतात, "व्याही पाळीवर होते."