सुमनबाईंचा मिक्सर

चिखलीत कुणाचं पुस्तक लिहून झालं, की ते छापायला जाण्याआधी सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात जातं. लेखकाने ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचायचं, बाईंनी ऐकायचं. भाषा फुगायला लागली की बाई बोलत नाहीत. सरळ मिक्सर सुरू करतात.

बाई आमच्या शेजारी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता एकट्याच असतात. मलकापूरचे एक कवी एकदा संध्याकाळच्या वर्णनात असे रमले, की बाईंच्या शेंगदाण्याच्या चटणीला तेल सुटलं.

"घ्या, डबा भरून न्या," बाई म्हणाल्या. "थे संध्याकाळ मात्र इथंच ठेवा."

त्यांचे सल्ले ठरलेले. "लिहून झालं की पेटीत टाका. महिना-दोन महिने त्याचं तोंड पाहू नका. मंग वाचा, दुसऱ्यानं लिहिल्यावानी." छापायच्या आधीची तपासणी शेवटच्या पानापासून उलटी करायची, म्हणजे गोष्टीत गुंगून चुका सुटत नाहीत. आणि कुणी मोठ्या माणसाची प्रस्तावना घ्यायला निघालं, की बाई विचारतात, "काऊन? तुमचं पुस्तक लंगडं हाये का?"

मी वडिलांवर पुस्तक लिहिलं. वडील खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. जिनिंगची प्रकरणं बाईंनी हूं हूं करत ऐकली. शेवटच्या प्रकरणात मी 'जीवनज्योत मालवली, दाही दिशा शोकाकुल झाल्या' इथवर आलो आणि मिक्सर घरघरला.

मी चिडलो. "बाई, बाप गेलाय माझा!"

त्यांनी मिक्सर बंद केला. "हाव रे. पन याच्यात तुहा बाप कुठं हाये? निस्ती ज्योतच हाये." मग हळूच म्हणाल्या, "शेवटचं काय बोलले थे?"

मला आठवायला वेळ लागला नाही. "'पंखा बंद कर, तुले थंडी वाजत असन,' असं म्हणाले. गारठले होते ते स्वतः."

"मंग थे लिही."

मी तिथेच ज्योतीची आणि शोकाची दोन्ही पानं खोडली, ते वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आता आणखी कुठली चूक काढतात, म्हणून मी थांबलो.

"आमचे हे गेले तवा मी चहा ठेवत होती," त्या म्हणाल्या. "आतून त्याईनं काहीतरी म्हनलं. मी म्हनलं, थांबा, आलीच. चहा गाळून घेऊन गेली, त..."

पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"काय म्हनलं असन रे?"

मी हातातली पानं सारखी करत राहिलो.

"वाच," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबाचं थे वाक्य पुन्हा वाच."

मी वाचलं. सावकाश, त्यांना नीट ऐकू जाईल असं.