वालाचं गाणं

"कसला वाल म्हनलास? कडवा का गोडा?" सुपातली डाळ निवडता निवडता साळुबाईंनी विचारलं.

"वाल न्हाई गं आई, वॉल्ट्झ! परदेशातली लोकधून हाय. तिकडं लग्नात ह्याच्यावर नाचत्यात," सोमनाथ म्हणाला आणि मांडीवरचं मँडोलिन पुन्हा छेडू लागला.

"मग वालाचंच गानं की. आपल्यात लग्नाला वाल शिजवत्यात, त्ये वाजवत्यात."

शिनोलीच्या सोमनाथला हे वेड फोनवरून लागलं. कुठल्याशा थंड देशातले चार म्हातारे चुलीजवळ बसून लहानमोठी मँडोलिनं वाजवत होते. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. धून अशी गोड, की सोमनाथने ती पाहता पाहता दूध उतू घालवलं. त्याच्याकडे मँडोलिन होतंच. भजनी मंडळात तो ते वाजवायचा आणि मंडळीही वाजवू द्यायची, कारण पेटीपुढे ते कुणाला ऐकूच यायचं नाही.

भाची हर्षाली सुट्टीत आली आणि तिने ती धून ऐकली. तिचा साखरपुडा ठरला होता, बेल्ह्याला, तिच्याच घरी. ती म्हणाली, "मामा, मी आणि आदेश याच धुनेवर मांडवात येणार. आणि ती तूच वाजवायची."

मामा विरघळला. त्याने शब्द देऊन टाकला. संध्याकाळी बहिणीचा, निर्मलाचा फोन आला.

"दादा, पोरीच्या हट्टापायी मी डीजेवाल्याला थांबवून ठिवलंय. पर आदेशची आत्या झुंबरबाई लई चिकित्सक हाय. तुझ्या जिन्याला अजून कठडा न्हाई, गोठ्याला दार न्हाई. ह्ये तरी पुरं करशील ना?"

हे सोमनाथला झोंबलं, कारण ते खरं होतं. हाती घेतलेलं काम त्याने शेवटाला नेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. हे एक मात्र पुरं करायचंच, असं त्याने ठरवलं. भाचीसमोर तोंडघशी पडायची त्याला खरोखरच भीती वाटत होती.

त्याने साथीदार जमवले. घोडेगावच्या स्टँडवर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या अमृतने ऑनलाइन मँडोलिन मागवलं होतं, पण आला होता मँडोला. तो मँडोलिनचा थोरला भाऊ, आवाजाने घोगरा. परत पाठवायची मुदत टळल्यामुळे अमृत तो शिकला होता. ढोलकीला म्हस्कूअण्णा. त्यांनी धून ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "आरं, हा तर आपल्या दादऱ्याचा पावना!"

तालीम पडवीतच सुरू झाली. साळुबाई थोडा वेळ ऐकत बसल्या आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वाजवनारं तिगं. गान्याचं ठोकं तीन. आनि चाललाय कुटं, तर शुभकार्याला! तीन तिगाडा, काम बिगाडा. चौथा बगा कुनीतरी."

साळुबाईंचा हा जुना नेम होता. घरातून तिघं मिळून निघाले, की त्या चौथा म्हणून एकाच्या खिशात खडा टाकायच्या. सोमनाथच्या शाळेच्या चड्ड्या खड्यांनीच फाटल्या होत्या.

"आई, आता चौथा कुठनं आनू?"

"त्ये म्हातारं चौघं व्हतं, त्यानला कळतं. तुमाला कळत न्हाई. ऱ्हाऊ दे, माजं मी बगते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि विषय मिटला असं सोमनाथला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मँडोलिन बिघडलं. वाजवताना सोमनाथला डुलायची सवय होती. एक-दोन-तीन म्हणत तो डावीकडे झुकला, की आतून आवाज यायचा, 'खुट्ट!' मग एक-दोन-तीन आणि उजवीकडे पुन्हा 'खुट्ट!' तो दचकून थांबला, की वाद्यही चूप. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसलाच प्रकार.

"घोडी ढिली झालीया," अमृतने निदान केलं. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी त्याने उचकटून पुन्हा बसवली. खुट्ट राहिलंच, वर सूर उतरले. मग त्याने तारा बदलल्या. सूर चढले, खुट्ट तिथंच.

"उंदीर आसंल," म्हस्कूअण्णा म्हणाले.

"अण्णा, उंदीर काय तालात खुट्ट करतोय व्हय?"

"तालात करतोय म्हनून तर म्हनतो. तुमच्या परीस त्यो बरा करतोय."

इकडे हर्षालीचा फोनवर फोन. "मामा, आम्हाला तालीम करायचीय, रेकॉर्डिंग पाठव!" शेवटी सोमनाथने डोळे मिटून, खुट्टसकट धून रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली. कुणाच्या लक्षात येतंय, असा त्याने विचार केला. हर्षालीचं उत्तर आलं, "मस्त! आमचं एकदम बसलंय."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वैतागून त्याने अंगणात मँडोलिन उलटं धरलं आणि चिंचेचं झाड हलवावं तसं हलवलं. आवाजाच्या भोकातून टपकन एक गुळगुळीत खडा पडला. सोमनाथला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने खडा अंगणापलीकडे भिरकावला आणि धून वाजवून पाहिली. स्वच्छ, निर्मळ, थेट त्या थंड देशासारखी! आयुष्यात एक काम पुरं झालं होतं.

साळुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. खडा कुठं पडला ते त्या बघत होत्या.

बेल्ह्याचा मांडव माणसांनी फुलला होता. अंगणात नवी बारीक खडी टाकली होती. डीजेवाला कोपऱ्यात हात बांधून, आपली पाळी येणारच अशा खात्रीने बसला होता. पहिल्या रांगेत झुंबरबाई. सोमनाथने कपाळाचा घाम पुसला आणि सुरुवात केली. मँडोला घुमला, ढोलकी बोलली, हर्षाली आणि आदेश हात धरून मांडवाच्या तोंडाशी आले.

एक-दोन-तीन. पाऊल, पाऊल, पाऊल. आणि दोघं एक पाय उचलून तसेच उभे राहिले.

धून पुढे गेली. जोडपं तिथंच, शेतातल्या बगळ्यांसारखं. आदेशने पाय टेकला, तो हर्षालीच्या शालूवर. हर्षाली डावीकडे वळली, तो उजवीकडे, आणि पाटावरचा साखरेचा पुडा थोडक्यात बचावला.

"ह्यो कसला नाच म्हनायचा?" झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटल्या. "पोरीचा पाय लचकला जनू."

निर्मलाने पदर तोंडाला लावला. डीजेवाल्याने हात सोडले आणि वायरीला लावले. सोमनाथचं वाजवणं थांबलं. हर्षाली तरातरा त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"मामा, ती खुट्ट कुठंय?"

"कसली खुट्ट?"

"रेकॉर्डिंगमधली! त्या खुट्टवरच तर आम्ही गिरकी घेतो! तिच्याशिवाय कळणार कसं?"

सोमनाथने कपाळावर हात मारला. "आरं, त्यो खडा व्हता! मी कालच फेकून दिला!" अमृतने लगेच अंगणातला एक खडा उचलला, तो भोकातून जाईना. आदेशने आणला तो इतका बारीक, की नुसता खुळखुळा वाजला. म्हणता म्हणता दोन्हीकडचे पाहुणे वाकून खडी चाळू लागले. कशासाठी हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं, अंगठी हरवली असेल म्हणून तेही शोधत होते. झुंबरबाईंनी तर पातळ खोचलं होतं.

"सरका," साळुबाई गर्दीतून पुढे आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी तो गुळगुळीत खडा काढला आणि देवाला फूल वाहावं तसा मँडोलिनच्या भोकात सोडला.

"आई! तू घातला व्हतास ह्यो?"

"मग कोन? चौथा नगं का? तू काल भिरकावलास, मी हुडकून संगं आनला. घरचा मानूस कुनी असा फेकून देतं व्हय?"

सोमनाथ डुलला. एक-दोन-तीन, खुट्ट! हर्षाली आणि आदेश गर्रकन फिरले. मांडवातून शिट्टी आली. पुढच्या खुट्टला पोरंटोरं फिरली, तिसऱ्या खेपेला निर्मला फिरली आणि मग खुद्द झुंबरबाई फिरल्या. फिरून झाल्यावर त्यांनी डीजेवाल्याला सुनावलं, "गुंडाळ त्या वायरी, कुनीतरी अडखळंल."

जेवणाच्या पंगतीत सोमनाथचा चेहरा फुलला होता. एक काम पुरं झालं होतं आणि भाची दोनदा येऊन गळ्यात पडून गेली होती. तरी त्याची कुरकुर संपेना.

"आई, तिकडच्या खऱ्या धुनेत खडा नसतोय गं."

साळुबाईंनी त्याच्या पानात वालाची उसळ वाढली.

"नसंल. पर त्यानला निवडता येत आसंल. आपल्यात वाल म्हनल्यावर खडा आलाच."